‘शू’ म्हणजे बूट नव्हे

पालकहो, इथे जर्मनीत किटामध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, दोन वर्षांचे मराठी मूल ‘शू, शू’ म्हणत दाराकडे पाहू लागले की बाई त्याचे बूट घेऊन येतात. त्यात त्यांची चूक नाही, कारण जर्मनमध्ये ‘शू’ म्हणजे बूटच. बूट चढवून होईपर्यंत विजार ओली झालेली असते आणि संध्याकाळी आईला निरोप मिळतो की मूल अजून सांगत नाही. मूल तर केव्हाचे सांगत होते. ‘मंमं’चेही तेच: भुकेले मूल जेवण मागते, बाईंना वाटते त्याला आईची आठवण आली, म्हणून त्याला कडेवर घेऊन समजावले जाते आणि ताट मात्र येत नाही.

१ ऑगस्ट २०१३ पासून जर्मनीत वर्ष पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलाला किटामध्ये किंवा घरी मुले सांभाळणाऱ्या पाळणाताईंकडे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे आपली मुले पुरते बोलू लागण्याआधीच तिथे पोहोचतात. नव्या मुलाला किटामध्ये रुळवण्याच्या ‘बर्लिन’ नावाच्या पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत वर्गातच थांबतात आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जातात. हे दिवस केवळ मुलासाठी आहेत असे समजून आपण कोपऱ्यात मोबाईल पाहत बसतो. त्याऐवजी शू, शी, मंमं, गाई, बाऊ, भुर्र असे दहा-पंधरा शब्द अर्थासह एका कागदावर लिहून बाईंना द्यावेत. ते रोमन लिपीत, पण जर्मन उच्चाराला धरून लिहावेत. आपल्या इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगचा तिथे उपयोग नाही.

मूल घ्यायला गेल्यावर होणाऱ्या दोन मिनिटांच्या बोलण्याला जर्मन लोक ‘दार-बिजागरीतले बोलणे’ म्हणतात. आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोटभर जेवला का? बाई म्हणतात, त्याला हवे तेवढे त्याने खाल्ले. त्यांच्या दृष्टीने ही समाधानाची गोष्ट असते, कारण किती खायचे हे मुलाने ठरवावे असे त्यांना शिकवलेले असते; आपल्याला मात्र त्यात हयगय ऐकू येते आणि आपल्या प्रश्नात त्यांना अविश्वास. आपण ‘हो, हो’ म्हणून निघतो, त्या होकाराला त्या संमती समजतात. हा प्रश्न आमच्या घरी मायेने विचारतात, एवढे एक वाक्य मोडक्या जर्मनमध्ये सांगितले तरी चालते. मुलाच्या प्रगतीबद्दलची सविस्तर भेट वेळ ठरवून होते. त्या वेळी दुभाष्याची सोय होईल का, हे आधीच विचारावे. थोरल्या भावाला दुभाषी करू नये, तो धाकट्याच्या तक्रारी सोयीने गाळतो, आणि वडिलांच्याही.

आमच्या वर्गात असा एक कागद कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे. तिसऱ्या आठवड्यात माझी जर्मन सहकारी टोपी हातात घेऊन स्वतःच ‘भुर्र?’ विचारू लागली. तिचा ‘र’ घशातून येतो, पण मूल दाराकडे धावले.