बदकाची कोंबडी झाली त्याची गोष्ट

नमस्कार मंडळी! गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका चिमुरडीचा पाचवा वाढदिवस होता, केक कापून झाला, वेफर्सच्या डिशेस रिकाम्या झाल्या आणि स्पीकरवर चिकन डान्सची धून लागली, तर इतका वेळ आईच्या ओढणीला लटकलेली पोरंसुद्धा धावत मधे आली हो! तुम्हीही बघितला असेल हा नाच. हाताची चोच करून चार वेळा उघडमीट, मग काखेत हात घालून पंख फडफडवायचे, मग खाली वाकत शेपूट हलवायची, शेवटी चार टाळ्या. झालं, पुन्हा पहिल्यापासून. एक छोटा मुलगा होता, त्याला चोच जमेना, पंखही उशिरा उघडायचे, पण टाळ्यांपाशी मात्र तो बरोब्बर सगळ्यांना येऊन मिळायचा आणि असा खूश व्हायचा की काय सांगू.

आता गंमत ऐका, ही धून मुलांसाठी केलेलीच नव्हती. स्वित्झर्लंडमधलं दावोस, बर्फातलं गाव, तिथे वेर्नर थॉमस नावाचे अकॉर्डियनवादक होते, त्यांनी ती 1950च्या दशकात बांधली. बर्फावर स्कीइंग करून दमूनभागून आलेली मोठी माणसं संध्याकाळी ती ऐकायची. आणि नाव होतं बदकांचा नाच, कोंबडीचा पत्ताच नाही! 1970च्या दशकात बेल्जियमच्या एका प्रोड्युसरने ती ऐकली, रेकॉर्ड निघाली, 1980 मध्ये हॉलंडमध्ये ती चिमण्यापाखरांचा नाच म्हणून गाजली, आणि 1981 मध्ये इंग्लंडमध्ये तर लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट दुसऱ्या नंबरपर्यंत पोचली.

मग कोंबडी आली कुठून? ती अमेरिकेची. असं सांगतात की 1981 मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे जर्मन धर्तीच्या जत्रेला, जर्मनीहून एक बँड आला होता, त्यांना बदकाचा ड्रेस घालून नाच दाखवायचा होता, पण अख्ख्या गावात बदकाचा ड्रेस मिळेना. एका टीव्ही स्टेशनकडे कोंबडीचा होता, तोच घातला. झाली की हो बदकाची कोंबडी!

मला विचाराल तर हा नाच एवढा पसरला त्याचं कारण म्हणजे यात शब्द लागतच नाहीत. गाण्याचे बोल देशोदेशी बदलले, पक्षी बदलला, पण चोच, पंख, शेपूट, टाळ्या आणि प्रत्येकाचे चार ठोके तसेच राहिले. चार वर्षांच्या पोराला भाषा कळो न कळो, चारपर्यंत मोजता येतंच, आणि चुकलं तरी पुढच्या टाळीला परत सामील होता येतं. मग मधेच चाल बदलते, कोपरात कोपर अडकवून गिरक्या, तेव्हा अनोळखी पोरांचीही जोडी जमते. हे मला फार आवडतं.

चला, धून लावतोय. टीपॉय जरा भिंतीकडे सरकवा आणि पोरांना हाक मारा.