गार समुद्रातले ऊबदार शार्क

(दृश्य: सिद्धेश्वर तलाव, एप्रिलची दुपार)

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. सिद्धेश्वर तलावाचं पाणी तापतं आणि त्यातला मासाही तापतो. थंडीत पाणी गारठलं की तोही गारठतो. जेवढं पाणी गरम, तेवढंच अंग. जगातले बहुतेक मासे असेच, आणि बहुतेक शार्कसुद्धा.

(दृश्य: अलास्काचा समुद्र)

सामन शार्क मात्र वेगळा. अलास्काच्या गारठ्यातही त्याचं अंग आतून पाण्यापेक्षा वीसेक अंशांनी गरम राहू शकतं. ग्रेट व्हाइट, माको आणि पोरबीगल हे त्याचेच भाऊबंद. माको तर आपल्या अरबी समुद्रातही आहे. माको आणि पोरबीगलची ही ऊब १९६९ मध्ये फ्रान्सिस केरी आणि जॉन टील या शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली.

ऊब तयार होते ती पोहण्यातून. अखंड राबणारे लाल स्नायू इतर शार्कमध्ये कातडीलगत असतात; यांच्यात ते आत, मणक्याजवळ असतात. पण उष्णता तयार होणं पुरेसं नाही, ती टिकायला हवी. रक्त कल्ल्यांत प्राणवायू घ्यायला जातं, तिथे पाणी त्याची सगळी ऊब शोषून घेतं. ही गळती थांबवली कशी, हेच या शार्कचं खरं वैभव.

स्नायूंकडे जाणारं गार रक्त आणि तिथून परतणारं गरम रक्त, दोन्हींच्या बारीक वाहिन्या एकमेकींना खेटून, पण उलट दिशांना वाहतात. परतणारं रक्त आपली ऊब वाटेतच आत येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. आपल्या दूध डेअरीत पाश्चरायझेशनच्या यंत्रात तापलेलं दूध पातळ पत्र्याआडून गार दुधाला तापवतं, तशीच ही रचना.

मला सगळ्यात थक्क करतं ते हृदय. तिथे पोचणाऱ्या रक्ताने आपली ऊब आधीच देऊन टाकलेली असते. म्हणजे स्नायू गरम, आणि त्यांना रक्त पुरवणारं हृदय मात्र समुद्राइतकंच गार! तरीही ते थांबत नाही.

हे सगळं फुकट मिळत नाही. गरम अंगाला अन्न जास्त लागतं. मोबदल्यात वेग मिळतो, थंड पाण्यातली शिकार मिळते. निदान असंच मानलं जात होतं. २०२३ मध्ये मात्र बास्किंग शार्कच्या स्नायूंतही थोडी ऊब सापडली. हा अवाढव्य प्राणी तोंड उघडं ठेवून संथपणे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो, कुणाचा पाठलाग करत नाही. त्याला ही ऊब कशासाठी लागते, याचा शोध आता सुरू झाला आहे.