सबमिशन उद्या आहे, कोड द्या!

पडद्यावर दिसतोय तो सी भाषेतला छोटासा प्रोग्राम. आकडा उलटा करून छापायचा. १२३ दिले की ३२१ यायला हवेत. पण रन केला की प्रोग्राम नुसता लटकतो. खाली नेटवर विचारलेला प्रश्न: 'काय चुकलंय? सबमिशन उद्या आहे.' अशा गृहपाठाच्या प्रश्नांना उत्तर द्यावं का, आणि कसं?

उत्तर देणारा अख्खा कोड दुरुस्त करून चिकटवू शकतो. किंवा एवढंच लिहू शकतो: 'लूपच्या आत एन छापून बघ.' लूप म्हणजे पुन्हापुन्हा चालणारा भाग, एन म्हणजे दिलेला आकडा. तसं केलं की स्क्रीनवर १२३, १२३, १२३ अशी न संपणारी रांग लागते, आणि दर फेरीत शेवटचा अंक गळावा म्हणून एनला दहाने भागायचं राहून गेलंय हे त्या पोराला आपसूक दिसतं. पुढच्या वर्षी दुसरं कुणी गूगल करत याच पानावर येईल. त्याची चूक वेगळी असेल, तयार कोड त्याच्या काही कामाचा नसेल. छापून बघायची युक्ती मात्र चालेल.

प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटवर अशा प्रश्नांसाठी 'होमवर्क' हा टॅग होता. २०१२ मध्ये तो मोडीत काढला. बरंच झालं. प्रश्न प्रोग्रामिंगच्या कुठल्या विषयाचा, रिकर्शनचा आहे की लिंक्ड लिस्टचा, हे त्या टॅगवरून कळायचंच नाही. विचारणारा विद्यार्थी आहे एवढं कळायचं, की टोमणे मारणारे मोकळे. नियम उरला तो साधा: गृहपाठ खुशाल विचारा, पण आतापर्यंत काय केलंत आणि गाडी कुठे अडली ते सांगा. हा नियम नोकरीतल्या मंडळींनाही लावावा. 'अर्जंट आहे, क्लायंट थांबलाय' म्हणत आयता कोड मागणारे तिथेही आहेतच की.

अशी उत्तरं दिल्यानं कॉपीला हातभार लागतो, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून कोड मागायला माणूसच लागत नाही. उत्तर नाकारून कॉपी थांबेल कशी? ती पकडणं हे शिकवणाऱ्यांचं काम, आणि त्यासाठी अ‍ॅलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये केलेलं 'मॉस' हे सॉफ्टवेअर आहे. व्हेरिएबलची, म्हणजे एनसारखी, नावं बदलली तरी दोन प्रोग्राममधलं साम्य ते दाखवतं.

आपल्याकडे तर ओरल असते. एक्स्टर्नलनं जर्नलमधल्या एका ओळीवर बोट ठेवून 'ही काढली तर काय होईल?' एवढं विचारलं, तरी पुरे. आता किती एक्स्टर्नल तेवढं विचारतात, हा वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.