समुद्रसपाटीपासून उंची

नमस्कार.

मी चौतीस वर्षं इथेच इंदूरात भूगोल शिकवला. दिब्रुगड ते कन्याकुमारी या प्रवासाबद्दल बोला म्हणून तुमचा निरोप आला, तेव्हा घरून निघताना पिशवीत एकच वस्तू टाकली. ही शंभर पानी वही. हिच्यात प्रवासवर्णन नाही. स्टेशनांची नावं आहेत आणि नावापुढे एकेक आकडा आहे. फलाटाच्या टोकाला जी मोठी पिवळी पाटी असते ना, तिच्यावर नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तो हा आकडा. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. वहीत पहिली ओळ तीच.

गाडीच्या खिडकीतून देश इतका सुंदर का दिसतो, याचं उत्तर माझ्या मते या आकड्यांत आहे. चाक लोखंडाचं, रूळही लोखंडाचा, दोन्ही गुळगुळीत. जिथे ते एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम एका नाण्याएवढी. घर्षण कमी, म्हणून एक इंजिन हजारो टन ओझं ओढतं. आणि घर्षण कमी म्हणूनच चढ आला की तेच इंजिन कच खातं. बस ज्या घाटाला भीत नाही, त्याच्या निम्मा चढही रुळांना सोसत नाही. मग रेल्वेमार्ग आखणारा माणूस पाणी कुठून उतरलंय ते बघतो, नदीचा काठ धरतो, डोंगरात खिंड शोधतो, तलावाला वळसा घालतो. रूळ जमिनीचं ऐकून टाकलेले असतात, म्हणून त्यांच्यावरून जाताना जमीन दिसते.

हे मला कळलं ते आपल्या दारात. माझं माहेर अकोला. लहानपणी मीटरगेजच्या मीनाक्षी एक्सप्रेसनं आत्याकडे इंदूरला यायचो. कालाकुंड आलं की बाबा मला उठवायचे. पळसाच्या पानावर कलाकंद मिळायचा, तो खाईपर्यंत गाडीला मागून आणखी एक इंजिन लागायचं. पुढचं ओढणार, मागचं ढकलणार. तिथून पाताळपाणीपर्यंतचा चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला काहीच वाटत नाही. पण डब्यात बसल्यावर इंजिनाचा आवाज असा जड व्हायचा की मी आपोआप पुढे झुकून बसायची. चोरल नदीची दरी, बोगदे, पूल, आणि वर आलं की टंट्या मामाच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाच्या, देवळापाशी गाडी क्षणभर थांबायची. निमाडातून माळव्यात आलो हे मला पुस्तकानं सांगितलं नाही, त्या आवाजानं सांगितलं.

आणि हा मार्ग आपल्या माणसांनी पैसे घालून आणलेला आहे, हे इंदूरच्या मुलांना मी दरवर्षी सांगायची. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं. १८७८ पर्यंत गाडी इंदूरला आली. आता तिथे ब्रॉडगेज होतंय आणि चढ सौम्य करायचा म्हणून घाटातला मार्ग लांबच्या वळणानं, नव्या बोगद्यांतून नेताहेत. पाताळपाणी-कालाकुंड हा जुना तुकडा हेरिटेज गाडीसाठी राहिला आहे. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी दिब्रुगडचा विचार नंतर करावा.

आता मोठा प्रवास. विवेक एक्सप्रेस २०११ साली सुरू झाली, स्वामी विवेकानंदांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त. ४,१०० किलोमीटरहून जास्त अंतर, साधारण ७५ तास. संध्याकाळी सुटते, तीन रात्री गाडीत जातात, चौथ्या दिवशी रात्री कन्याकुमारी. मी आणि माझी नणंद, दोघीच. वन्सं माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. महूहून कामाख्येला साप्ताहिक गाडी जाते, तिनं आसामात पोचलो आणि पुढे दिब्रुगडला गेलो.

घरच्यांचा आग्रह एसीचा होता. मी मुद्दाम स्लीपर घेतला. एसीच्या डब्याची काच गडद असते आणि उघडत नाही. भाताचा वास, पावसाची चाहूल, पुलाचा धडधडाट यातलं काहीही त्या काचेतून आत येत नाही, आणि निम्मा देश त्यातच आहे. पंचेचाळिशीपुढच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा असतो, त्याचा उपयोग करून घ्या. आम्हाला साइड लोअर आणि साइड अपर मिळाले. दिवसा हीच जागा सगळ्यांत चांगली: दोघी समोरासमोर, प्रत्येकीला आपली खिडकी. रात्री मात्र एकीला वर चढावं लागतं. पहिल्या रात्री मी चढले. शिदोरीला दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि तीन किलो शेव. तीन किलो जास्त होते असं तेव्हा वाटलं होतं.

नोव्हेंबर होता. दिब्रुगडला साडेचारलाच अंधार पडला. घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण सूर्य काही त्याप्रमाणे चालत नाही. वन्संनी संध्याकाळचा दिवा लावायची वेळ झाली म्हणून मोबाइल पाहिला आणि चक्रावल्या. दिब्रुगडची उंची शंभराच्या थोडी वर. रात्र गेली, सकाळी गुवाहाटी आलं, तिथे पन्नाशीचा आकडा. साडेपाचशे किलोमीटरांत पन्नासेक मीटर उतार! कालाकुंडच्या घाटात एवढं उतरायला दोन किलोमीटर पुरतात. ब्रह्मपुत्रा दरवर्षी का पसरते हे मी वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवायची. आता वाटतं, वहीतल्या या दोन ओळी दाखवल्या असत्या तरी पुरलं असतं. एवढं पाणी आणि एवढासा उतार. नदी जाणार कुठे?

गुवाहाटीनंतर लगेच सराईघाटचा पूल. वरून रस्ता, खालून गाडी. १९६२ साली या पुलावरून पहिली गाडी गेली. त्याआधी पांडू आणि आमीनगाव या दोन काठांमध्ये रेल्वेचे डबे फेरीबोटीवर चढवून पार करत. गर्डरच्या तिरक्या पट्ट्यांमधून नदीचे तुकडे दिसत होते, राखाडी, शांत, समोरचा काठ धुक्यात. याच पाण्यात १६७१ साली आहोमांचा सेनापती लाचित बोरफुकननं मोगलांचं आरमार हरवलं. आणि त्या मोगल फौजेचा सेनापती कोण होता? मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग, ज्यानं आग्र्याला शिवाजी महाराजांसाठी जामीन दिला होता तोच. आग्र्याहून सुटका आपल्याला तोंडपाठ असते, रामसिंगाचं पुढे काय झालं हे मात्र आपण विचारत नाही. ते इथे ब्रह्मपुत्रेवर झालं.

गुवाहाटीला एक मुलगा समोरच्या कप्प्यात चढला. तेवीस-चोवीस वर्षांचा, पाठीवर सॅक, हातात दोरीनं बांधलेली गोणी. केरळात पेरुम्बावूरला प्लायवूडच्या कारखान्यात काम करतो, आलुव्याला उतरणार. हा त्याचा या मार्गावरचा अकरावा प्रवास. मला वर चढताना बघून त्यानं काही न बोलता आपला खालचा बर्थ रिकामा केला. डब्यात निम्म्याहून जास्त त्याच्यासारखेच होते, कोण आसामचा, कोण मालद्याचा. माझी मुलगी कॅनडात असते. ती टोरोंटोहून व्हँकुव्हरला गेली होती, ४,४६६ किलोमीटर, चार रात्री, काचेच्या घुमटाचा डबा, रॉकी पर्वतात शिरताना सगळे कॅमेरे घेऊन वर बसलेले. फोटो अप्रतिम आहेत. पण तिच्या डब्यात सगळे देश बघायला निघाले होते. आमच्या डब्यात देश बघायला आम्ही दोघीच. बाकीचे कामाला निघाले होते, आणि वाट त्यांनाच पाठ होती.

दुपारी न्यू जलपाईगुडी. कांचनगंगा ढगात होतं, त्याला इलाज नाही. इथे देश सगळ्यांत अरुंद आहे, वीस-बावीस किलोमीटर. फाळणीआधी आसामची रेल्वे पूर्व बंगालमधून जायची. सीमा पडली आणि एका रात्रीत आसामचे रूळ उरलेल्या देशापासून तुटले. मग या चिंचोळ्या पट्टीतून, डोंगरातून धावत येणाऱ्या नद्यांवर पूल टाकत नवा मार्ग बांधला आणि २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, तो प्रवाशांना खुला झाला. म्हणून ही गाडी आधी पश्चिमेला इतकी लांब जाते आणि मग दक्षिणेला वळते. इथे रूळ जमिनीपेक्षा माणसांनी काढलेल्या रेघेचं ऐकतात.

फराक्क्याला रात्र झाली होती. गंगेवरचं धरण, १०९ दरवाजे, सव्वादोन किलोमीटर लांब, त्यावरून गाडी जाते. दिसले फक्त दिवे आणि दिव्यांची पाण्यातली थरथर. वन्संनी हात जोडले. पुढच्या संध्याकाळी राजमहेंद्रीची गोदावरीही अंधारातच भेटली. पावणेतीन किलोमीटरांचा पूल, संपता संपेना. नाशकात रामकुंडावर आम्ही जिच्यात उभ्या राहिलो, तीच ही. वन्संनी रुमालाच्या गाठीतून नाणं काढलं, खिडकीतून हात बाहेर घालून सोडलं आणि कान देऊन बसल्या. नाणं पाण्यात पडल्याचा आवाज गाडीच्या धडधडाटात ऐकू येणं शक्य नाही. त्या तरी पूल संपेपर्यंत हालल्या नाहीत.

या दोन रात्रींच्या मधला दिवस चिलिकाचा. भुवनेश्वर गेलं की तासाभरात त्या मुलानं सांगितलं, आंटी, डावीकडे येऊन बसा, आता समुद्र येईल. त्याच्या दृष्टीनं तो समुद्रच. अकरा वेळा पाहिलेला आणि दर वेळी चालत्या गाडीतून. पूर्वघाटाचे डोंगर उजवीकडून इतके जवळ येतात की डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये रुळांपुरतीच जागा उरते, आणि गाडी पाण्याच्या कडेनं जाते. होड्या, मासे धरायला रोवलेले बांबू, दूरवर पांढरे ठिपके, ते हलले की पक्षी. मी त्याला सांगितलं की हे सरोवर आहे, वाळूच्या लांब दांड्यानं समुद्रापासून तोडलेलं, पाणी अर्धं गोडं अर्धं खारं. त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, म्हणजे नदी इथपर्यंत येते आणि समुद्रही इथपर्यंत येतो. चौतीस वर्षांत खाजण सरोवराची व्याख्या यापेक्षा चांगली मला कुणी लिहून दाखवली नाही.

खिडकीतून दक्षिणेचा अंदाज घ्यायचा असेल तर झाडं बघा. आसामात घरामागे सुपारी, तिथे तिला तामूल म्हणतात, आपला तांबूलच तो. आंध्रात शेताच्या बांधांवर ताड. आणि केरळात शिरलात की नारळाला अंत नाही.

केरळात शिरायची वाट मात्र मी आयुष्यभर नकाशावर शिकवली होती, आणि चौथ्या दिवशी ती बघायला मी सकाळपासून जागा सोडली नाही. सह्याद्री म्हणजे भिंत. मुंबईहून वर यायला बोर आणि थळ घाटात सदतीसास एक असा चढ आहे, कर्जतला आणि कसाऱ्याला आजही मागून इंजिनं लावतात. त्याच भिंतीला पालघाटाला, म्हणजे आजच्या पालक्काडला, तीसेक किलोमीटर रुंदीची फट आहे. उजवीकडे निलगिरी, डावीकडे अनैमलै, मधे सपाट रान. मद्रासहून पश्चिम किनाऱ्याला जाणारा मार्ग इंग्रजांनी १८६२ साली इथूनच पुरा केला, बोर घाटातून गाडी जाण्याच्या एक वर्ष आधी. कोइमतूरची उंची चारशेच्या पुढे, पालक्काडची शंभराच्या आत. तीनशेहून जास्त मीटर उतरलो, पन्नास-पंचावन्न किलोमीटरांत, आणि डब्यातल्या कुणाला कळलंही नाही. पाण्याचा पेला हलला नाही. इंजिनाचा आवाज बदलला नाही. मी कान देऊन होते, कालाकुंडला द्यायची तशी. वाळयारच्या रानात मात्र गाडी हळू झाली. हत्तीही याच फटीतून ये-जा करतात, आणि रुळांवर त्यांचे जीव गेले आहेत. सोपी वाट सगळ्यांनाच हवी असते.

पालक्काडच्या पाटीचा आकडा वहीत लिहिताना माझा हात थरथरत होता. वन्संनी विचारलं, वहिनी, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पुस्तकात होतं तसंच आहे.

आलुव्याला तो मुलगा उतरला. उरलेली शेव आम्ही त्याच्या गोणीत घातली, दीड किलो तरी असेल, खोलीवर आठ जण राहतात म्हणाला. फलाटावर त्याच्यासारखी शेकडो मुलं उतरली आणि पाच मिनिटांत डबा अर्धा रिकामा झाला. सूर्य त्या दिवशी सहाला मावळला. दिब्रुगडपेक्षा दीड तास उशिरा.

कन्याकुमारीला रात्री पोचलो. तिथे रूळ संपतात. पुढे फलाट नाही, सिग्नल नाही. सकाळी उजाडायच्या आत किनाऱ्यावर गेलो. वन्संनी चपला काढल्या, नऊवारी घोट्यापर्यंत उचलून धरली आणि पहिली लाट पायावर घेतली. मग मागे वळून मला म्हणाल्या, वहिनी, वही आणलीयस ना? इथे शून्य लिही.