'मावशी' म्हणणं म्हणजे पूर्वग्रह का? टिपिफिकेशन समजून घेऊ

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, टिपिफिकेशन म्हणजे स्टीरिओटाइपच ना, एखाद्या गटाबद्दलचा ठोकळेबाज पूर्वग्रह?" नाही! आज हा गुंता सोडवूनच उठायचं.

व्याख्या पटकन सांगते. समोरचा माणूस, वस्तू किंवा प्रसंग 'अशातलाच एक' म्हणून ओळखणं, हे टिपिफिकेशन. मी त्याला नमुना बांधणं म्हणते. हा विचार मांडला समाजाचा अभ्यास करणारे तत्त्वज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांनी. १८९९ चा व्हिएन्नातला जन्म, पोटापाण्याला बँकेतली नोकरी, १९३९ मध्ये न्यूयॉर्क. ते टपालाचं उदाहरण देतात. पेटीत पत्र टाकताना टपालखात्यातलं कुणीच आपल्या ओळखीचं नसतं. तरी पत्र पोचेल असं आपण धरून चालतो, कारण 'पोस्टातली माणसं' काय करतात ते डोक्यात पक्कं असतं.

असे नमुने आपल्याला मुख्यतः भाषेतूनच मिळतात. शाळेतलं व्याकरण आठवा: 'आमचे वडील जमदग्नी आहेत.' विशेषनाम सामान्यनामासारखं वापरलंय. कळीचा नारद, कुंभकर्ण... एकाचं नाव अख्ख्या स्वभावाला चिकटलं! मला हे फार आवडतं, यावर वेगळा व्हिडिओ करेन.

आता खरी अडचण. नमुना कच्चा असतो. नवा अनुभव आला की तो बदलायचा असतो. अनुभव येऊनही जो हलत नाही, तो पूर्वग्रह.

अजून पटत नसेल तर असं बघा. शुट्झ यांच्या लेखनात रोव्हर नावाचा आयरिश सेटर कुत्रा आहे. तोच कुत्रा, तोच सस्तन प्राणी, तोच लाडका सोबती. कुठला शब्द लावायचा हे आपलं त्या वेळचं काम ठरवतं. एकाही शब्दात अख्खा रोव्हर मावत नाही. "नावं ठेवणं बंद करा" अशी कमेंट करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, नावं नसतील तर बोलणंच थांबेल. एकच नाव म्हणजे सगळा माणूस, असं धरणं चुकीचं.

तिसरा दाखला घरचा. आई इस्पितळात होती. वॉर्डातल्या आयाबाईंना सगळेच मावशी म्हणायचे, मीही. रात्री दोन वाजता हाक मारायला तोच शब्द कामी यायचा. घरी सोडायच्या दिवशी मी गोळ्यांच्या इंग्रजी कागदाशी झगडत होते. मावशींनी तो हातात घेतला, घडाघडा वाचला आणि वेळा समजावल्या. मी चकित झाले, आणि त्या चकित होण्याचीच मला लाज वाटली. 'मावशी' हा नमुना होता. 'शिकलेल्या नसणार' हे मी गुपचूप त्याला जोडलं होतं.

एकाने विचारलंय, मग मावशी म्हणणं सोडायचं का? मी सोडलं नाही. आता आधी नाव विचारते आणि त्याला मावशी जोडते.