तीन दिवसांचं सामान

[दृश्य : लांबरुंद हिरवं परेड मैदान. कडेला जुन्या लाकडी घरांची रांग, प्रत्येकाला जाळी लावलेला प्रशस्त व्हरांडा. पश्चिमेला निळसर डोंगर.]

देवळालीत किंवा खडकीत लष्करी क्वार्टरमध्ये वाढलेल्या कुणालाही हे मैदान बघून ओळखीचं वाटेल. तीच शिस्तीत लावलेली झाडं, तीच ऐसपैस शांतता. फक्त ही देवळाली नव्हे. हे फिलिपिन्समधलं लुझॉन बेट आणि हा क्लार्क हवाईतळ. १९०३ च्या सुमारास इथे अमेरिकन घोडदळाची छावणी पडली. पुढे घोडे गेले, विमानं आली आणि विमानांमागून बायकामुलं आली.

१९९१ साली क्लार्क म्हणजे एक अख्खं अमेरिकन गाव होतं. शाळा, चर्च, दवाखाना, बोलिंगची जागा, आपल्याकडच्या कॅन्टीनसारखं स्वस्त दुकान, स्वतःचं रेडिओ-टीव्ही केंद्र. घरकामाला आणि बागेला गेटबाहेरच्या अँजेलिस शहरातून माणसं यायची. फौजी घरांत बदलीचा हुकूम येईपर्यंत भिंतीला खिळा ठोकायचा की नाही, हा प्रश्न जगभर असतो. इथली मंडळी मात्र मनापासून खिळे ठोकायची. पोस्टिंग आवडीचं होतं.

धोका नव्हता असं नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात तळाबाहेर अमेरिकन सैनिकांना गोळ्या घालून मारण्यात आलं. १९९० च्या मे महिन्यात अँजेलिसमध्ये आणखी दोघा तरुण हवाईसैनिकांना टिपलं. त्यामुळे ‘सुरक्षा’ या शब्दाचा तिथला अर्थ ठरलेला होता. बाहेर कधी जायचं, कुठल्या गल्लीत जायचं नाही, गेटवर ओळखपत्र कसं दाखवायचं. संकट गेटातून येणार आणि गेटावरच अडवायचं, असा हिशोब.

मागच्या डोंगराकडे कुणी त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं.

[दृश्य : जंगलाने झाकलेला डोंगर. एका बाजूने वाफेचा पांढरा पट्टा.]

पिनाटुबो. तळापासून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. सुमारे पाचशे वर्षं झोपलेला. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो निवाला त्याला कोट्यवधी वर्षं उलटली. पाचशे वर्षं म्हणजे ज्वालामुखीची दुपारची डुलकी.

त्याच्या उतारांवर आएटा नावाचे आदिवासी राहत. हजारो कुटुंबं. जंगलात पाणी कुठे सापडतं, काय खावं, आग कशी पेटवावी हे अमेरिकन सैनिकांना याच लोकांनी शिकवलेलं. २ एप्रिल १९९१ ला डोंगरातून वाफेचे स्फोट झाले, ते पहिल्यांदा पाहिले आएटांनीच. त्यांच्यात काम करणाऱ्या एका ननने ती बातमी फिलिपिन्सच्या ज्वालामुखी संस्थेपर्यंत पोचवली. संस्थेचे प्रमुख रायमुंदो पुनोंगबायान यांची माणसं निघाली. एप्रिल संपायच्या आत अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं पथकही क्लार्कवर उतरलं. तळावरच्याच एका घरात यंत्रं मांडून वेधशाळा सुरू झाली.

शास्त्रज्ञांपुढचं खरं काम यंत्रांचं नव्हतंच, लोकांना पटवण्याचं होतं. पंधरा हजार माणसं हलवायची आणि डोंगर गप्प राहिला, तर हसं होणार. त्यातच फिलिपिन्सशी असलेला अमेरिकन तळांचा करार सप्टेंबरात संपत होता, मनिलात वाटाघाटी चालू होत्या. अमेरिकन पळून जायचं निमित्त शोधताहेत, असं म्हणायला लोक तयारच बसलेले.

शेवटी एक चित्रफीत कामी आली. मोरिस आणि कात्या क्राफ्ट हे फ्रेंच पतिपत्नी आयुष्यभर ज्वालामुखींच्या अगदी जवळ जाऊन चित्रण करत आले होते. तापलेल्या राखेचा लोट डोंगरावरून कसा धावत येतो, कोलंबियातलं आर्मेरो गाव १९८५ साली चिखलाखाली कसं गाडलं गेलं, हे त्यांच्या चित्रफितीत होतं. ती फौजी अधिकाऱ्यांना दाखवली, गावच्या पुढाऱ्यांना दाखवली. ती दाखवणं चालू असतानाच, ३ जूनला, जपानच्या उन्झेन पर्वतावर क्राफ्ट पतिपत्नी तसल्याच एका लोटात सापडून गेले.

५ जूनला इशाऱ्याची पातळी तीन. ७ जूनला चार. ९ जूनला पाच. त्याच्या पुढे पातळीच नव्हती.

[दृश्य : सकाळ. गच्च भरलेल्या मोटारी. मागच्या काचेला टेकलेली उशी.]

१० जून, सोमवार. सकाळीच हुकूम आला : निघा. बहुतेकांनी तीन दिवसांचं सामान घेतलं.

तीन दिवसांत माणूस काय घेतो? पासपोर्ट, दूध पावडर, लंगोट, औषधं. लग्नाचे अल्बम घेत नाही, परतच यायचं असतं ना. फ्रिजमधलं उरलेलं तसंच राहतं. दोरीवरचे कपडे तसेच राहतात. आणि हेही विसरू नका, की कित्येक घरांतला फौजी माणूस बरोबर निघणारच नव्हता. सुमारे दीड हजार जण तळ राखायला मागे राहिले. बाकी साडेचौदा हजारांच्या आसपास माणसं एका दिवसात बाहेर पडली. मोटारीमागे मोटार, मुंगीच्या पावलांनी, सुबिक उपसागरावरच्या नौदलाच्या तळाकडे.

सुबिकवाल्यांनी दारं उघडली. एकेका क्वार्टरमध्ये दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं. व्यायामशाळा, चर्च, शाळा, जागा मिळेल तिथे सतरंज्या. अनोळखी बायका एका स्वयंपाकघरात, अनोळखी मुलं एका खाटेवर. फौजी बायकांना हे नवं नसतं. नवऱ्याची बदली झाली की दर दोन-तीन वर्षांनी अनोळखी शेजारणीशी ओळख काढायची सवय अंगी मुरलेली असते. त्या सवयीचा इतका उपयोग मात्र क्वचितच झाला असेल.

मग डोंगर थांबला. दोन दिवस काही विशेष नाही. लोक कुरकुरले असणारच. १२ जूनला सकाळी फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन साजरा होत असताना राखेचा प्रचंड स्तंभ आकाशात चढला, तेव्हा ती कुरकूर बंद झाली.

[दृश्य : भर दुपार, तरी मिट्ट काळोख. हेडलाइटच्या उजेडात राखेचा पाऊस.]

१५ जून, शनिवार. पिनाटुबो खऱ्या अर्थाने फुटला तो या दिवशी. विसाव्या शतकातला, अलास्कातल्या १९१२ च्या स्फोटाखालोखाल, दुसऱ्या क्रमांकाचा स्फोट. आणि नेमकं त्याच दिवशी युन्या नावाचं चक्रीवादळ लुझॉनवर आलं. नुसती राख वाऱ्याने निघून गेली असती. पावसात भिजलेली राख छपरांवर ओल्या सिमेंटसारखी बसली. टाचा घासायला आपण जो सच्छिद्र दगड वापरतो, त्याचे खडे आभाळातून पडत होते. वर काळोख, खाली भूकंपाचे हादरे.

धोक्याचं वर्तुळ आधी १० किलोमीटरचं होतं. मग २०, मग ३०. त्या दिवशी ते ४० झालं आणि आसरा म्हणून गाठलेलं सुबिकही त्यात आलं.

रात्रभर छपरांच्या कैच्या कडकडत होत्या. सुबिकच्या शाळेचं छप्पर कोसळून दोन जीव गेले, एक अमेरिकन फौजी कुटुंबातला, एक फिलिपिनो. वीज गेली, पाणी गेलं. क्लार्कवर मागे राहिलेल्यांनीही तळ सोडला आणि अरायत डोंगराजवळच्या शेतकी कॉलेजात आसरा घेतला.

आता सुबिकमधूनही माणसं हलवणं भाग होतं. ‘अब्राहम लिंकन’ आणि ‘मिडवे’ या विमानवाहू जहाजांसह नौदलाचा ताफा आला. वीस हजारांच्या आसपास कुटुंबीय जहाजांनी सेबूला, तिथून विमानांनी ग्वामला आणि पुढे मायदेशी गेले. ‘मिडवे’च्या एका फेरीतच अठराशेहून जास्त माणसं होती. नोंदीत मांजरं आहेत, कुत्री आहेत आणि एक पाळीव सरडाही आहे. तो सरडा मला फार आवडतो. घर गेलं, अल्बम गेले, पण कुणीतरी, बहुधा एखाद्या पोराने, तो सोडला नाही.

पण गेटाबाहेर जहाजं येत नव्हती. अँजेलिसमध्ये आणि आसपासच्या गावांत पत्रे आणि तुळया माणसांवर कोसळल्या. स्फोटाच्या दिवसांतल्या सुमारे तीनशे मृत्यूंपैकी बरेचसे छपरांखालचे. नंतर छावण्यांत गोवर आणि जुलाबांनी आणखी शेकडो गेले, त्यांत आएटांची मुलं सगळ्यांत जास्त. वाफेची पहिली खबर ज्यांनी आणली, तेच. वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने निदान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आणि तो पटण्याजोगाही आहे. हे यश मोठंच आहे. फक्त त्यात कुणाकडे मोटार होती आणि कुणाकडे नव्हती, तेवढं पाहून ठेवावं.

क्लार्कची कुटुंबं परत आलीच नाहीत. सप्टेंबरात फिलिपिन्सच्या सिनेटने तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. नोव्हेंबरात क्लार्कवरचा अमेरिकन झेंडा उतरला. पुढच्या वर्षी सुबिकवरचाही.

[दृश्य : आजचं क्लार्क. विमानतळ, हॉटेलं, परेड मैदानावर पळणारी माणसं.]

आता इथे आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. मैदानावर सकाळी अँजेलिसची मंडळी फिरायला येतात. लाकडी घरांपैकी काही अजून उभी आहेत.

[दृश्य : दफनभूमी. पांढऱ्या शिळांच्या रांगा. कॅमेरा जमिनीलगत.]

ही तळाची दफनभूमी. इथे साडेआठ हजारांच्या आसपास थडगी आहेत. सैनिकांची, त्यांच्या बायकांची आणि पोस्टिंगवर असताना वारलेल्या पोराबाळांचीही. १९९१ नंतर काही वर्षं इकडे कुणी फिरकलं नाही. गवत कमरेएवढं वाढलं. मग अँजेलिसमध्येच स्थायिक झालेल्या माजी सैनिकांनी एकेक रांग साफ करायला घेतली. पडलेली राख मात्र त्यांनी उपसली नाही.

जवळून पाहा. शिळेवर नाव आहे. त्याखाली हुद्दा, मग तारीख. पुढच्या ओळीचा वरचा अर्धा भाग दिसतो, खालचा राखेत आहे.