सोनेरी महाल : चुन्यानं तगलेला वाडा

(दृश्य : डोंगराच्या पायथ्याशी हिरवळ, मागे दुमजली इमारत. मोरांचा आवाज.)

छत्रपती संभाजीनगरात रिक्षात बसून ‘सोनेरी महाल’ म्हणा, रिक्षावाला हमखास विचारतो, “मकबरा ना?” नाही दादा, मकबऱ्याच्या पुढे, पहाडसिंगपुऱ्यात. औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराला पाठ लावून हा महाल उभा आहे.

(दृश्य : उंच जोतं, पायऱ्या, कमानी.)

मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला आणि खडकीचं औरंगाबाद झालं. त्याच्याबरोबर उत्तरेतले सरदार आले. आपापला लवाजमा घेऊन त्यांनी पुरे, म्हणजे वस्त्या, वसवले. कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा ही नावं आजही शहरात आहेत. त्यांतला पहाडसिंग ओरछाचा बुंदेला राजपूत. हा महाल त्याचाच. त्याच्या बापानं, वीरसिंगदेवानं, ओरछात जहांगीर महाल बांधला होता. भव्य बांधायची सवय घरातलीच. त्या सरदारांच्या वाड्यांपैकी हा अजून धडधाकट उरला आहे.

(दृश्य : आतल्या भिंतीवर कॅमेरा सावकाश फिरतो.)

आतल्या चित्रांना सोन्याचा मुलामा होता, म्हणून नाव सोनेरी, असं सांगतात. तो थाट आता राहिला नाही. आम्ही कॅमेरा घेऊन आलो तेही सोन्यासाठी नव्हे. आम्हाला बघायचं होतं ते हे.

(दृश्य : चुन्याची घाणी. दगडी चाक गोल चरात फिरतंय.)

काळा दगड आणि चुना, एवढ्यावर ही इमारत उभी आहे. दगड आपल्याकडे पायलीचे पन्नास. कसब सगळं चुन्याचं. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी पडलं की तो उकळ्या फोडतो, फुसफुसतो. बघणाऱ्यानं चार पावलं लांबच राहावं. विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवतात. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मग तो घाणीत जातो, वाळू आणि विटांच्या भुकटीसोबत. या भुकटीला गवंडी सुरखी म्हणतात. पूर्वी घाणी बैल ओढायचे, आता बहुतेक ठिकाणी मोटार ओढते.

(दृश्य : बादलीत भिजलेला हिरडा, गुळाचा खडा, फोडलेलं बेलफळ.)

हे स्वयंपाकघरातलं सामान नाही, इमारतीचंच आहे. गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर. कुठे उडीद घालतात, कुठे मेथी. प्रत्येक मिस्त्रीचं माप वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. आमच्यासमोर एकानं घाणीतला चुना दोन बोटांत घेऊन चोळला, मान हलवली आणि चाक पुन्हा फिरवायला लावलं. तो कशावरून ठरवतो, हे त्याला शब्दांत सांगता आलं नाही.

(दृश्य : सिमेंटचं जुनं ठिगळ, भोवती पांढरा क्षार.)

आणि हे सिमेंट. एक दिवसाचं काम, म्हणून कुणीतरी जुन्या भिंतीला फासतं. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेरही सोडते. सिमेंट ती वाट बुजवतं. मग ओल शेजारच्या दगडातून बाहेर पडते, क्षार फुलतात, गिलाव्याचे पोपडे निघतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडीच होतो. त्याला घाई चालत नाही, ठेकेदाराला उशीर चालत नाही. भांडण एवढंच आहे.

(दृश्य : संग्रहालयाची दालनं, मूर्ती, हत्यारं, पैठणच्या वस्तू.)

महाल आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत संग्रहालय आहे. पैठणच्या उत्खननातल्या सातवाहनकाळच्या वस्तू बघायला तरी आत जा. बहुतेक लोक हिरवळीवरूनच परत फिरतात. वेरूळ-अजिंठा महोत्सव इथे भरतो तेव्हा मात्र ही मोकळी जागा माणसांनी भरते. त्या गर्दीचा, आवाजाचा या भिंतींवर काय परिणाम होतो, तेही कुणीतरी बघायला हवं.

(दृश्य : ताज्या गिलाव्यावर ओली गोणपाटं.)

गिलावा चढला म्हणून काम उरकत नाही. तो उन्हात पटकन वाळला तर तडकतो. म्हणून ही गोणपाटं. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. कितीतरी दिवस.

(निवेदन थांबतं. झारीतून गोणपाटावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज.)